गॅस कमी का झाला? शेण, पाणी आणि मुक्कामाच्या दिवसांचा हिशोब

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर देण्यापूर्वी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर आपल्याला लगेच दिसेल. आपली सात एकर शेती आहे. त्यात चार एकर ऊस, एक एकर भाजीपाला आणि उरलेल्या क्षेत्रात हत्तीगवत व मका आहे. गोठ्यात सहा संकरित गाई, तीन म्हशी आणि दोन कालवडी आहेत, शिवाय काही शेळ्या व पाचशे कोंबड्या आहेत. दीड वर्षापूर्वी आपण जमिनीखालच्या पक्क्या घुमटाचे, रोज १० घनमीटर गॅसच्या कुवतीचे गोबरगॅस संयंत्र बांधले आणि वर्षभर त्यावर घरचा स्वयंपाक व्यवस्थित झाला. दिवाळीच्या सुमारास, गॅस वाढावा म्हणून, आपण रोज २० किलो कोंबडखत आणि जवळच्या हॉटेलातून आणलेले ३० किलो उरलेले अन्न टाकू लागलात. त्याच वेळी गोठा पाईपने धुऊन ते सगळे पाणी थेट मिश्रण टाकीत सोडण्याची सोय केलीत. आता गॅस निम्म्यापेक्षा कमी आहे, शेगडी पेटली तरी ज्योत टिकत नाही आणि निर्गमाच्या, म्हणजे पचलेले शेण बाहेर पडते त्या, टाकीत फेस व आंबूस वास येतो आहे. कोणती जिवाणू पावडर टाकावी, गॅस वाढवण्यासाठी आणखी काय घालावे आणि ५ किलोवॅटचा जनरेटर घ्यावा का, हे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

या तीनही प्रश्नांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे संयंत्रात काहीतरी कमी पडते आहे. मला नेमके उलटे वाटते. आपल्या संयंत्रात पाणी जास्त होते आहे, लवकर आंबणारा माल जास्त होतो आहे आणि कमी पडत आहेत ते फक्त दिवस. हे मी कशावरून म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण समजले नाही तर पुढच्या हिवाळ्यात हाच प्रकार पुन्हा होईल.

आमच्या घरी १९८३ साली वडिलांनी लोखंडी तरंगत्या टाकीचे संयंत्र बांधले. तेव्हा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता आणि त्याच्या अनुदानावर आमच्या कागल भागात बरीच संयंत्रे झाली. ती टाकी गंजून चाळणी झाल्यावर २००१ मध्ये मी घुमटाचे संयंत्र बांधले, ते आजही चालू आहे. म्हणजे दोन्ही प्रकार मी हाताळले आहेत आणि दोन्ही प्रकार माझ्याच चुकांनी बंदही पाडले आहेत. तरीही हे आधीच सांगतो की माझे आकडे आमच्याकडच्या हवेचे, काळ्या जमिनीचे आणि घरच्या वैरणीवरच्या जनावरांचे आहेत. कोकणात जमिनीतल्या पाण्याची पातळी वर असते, नाशिककडे थंडी जास्त असते, मराठवाड्यात उन्हाळ्यात जनावरांना हिरवा चारा मिळत नाही आणि या प्रत्येक गोष्टीने आकडे थोडे सरकतात. मात्र हिशोबाची रीत बदलत नाही.

आधी शेणाचा हिशोब करू. ताज्या शेणापासून उबदार दिवसांत किलोमागे साधारण ०.०४ घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे १ घनमीटर गॅससाठी २५ किलो शेण लागते. १० घनमीटरच्या संयंत्राला म्हणूनच रोज २५० किलो शेण हवे. आपली नऊ मोठी जनावरे गोठ्यातच बांधलेली आहेत असे धरले आणि प्रत्येकी सरासरी १५ किलो शेण मोजले, तर १३५ किलो होते. कालवडींचे पंधराएक किलो मिळवा, की १५० किलो झाले. याचा अर्थ, सगळे काही सुरळीत असतानाही आपल्याला रोज ६ घनमीटरच्या आसपास गॅस मिळत होता आणि थंडीत तो ४ घनमीटरवर येणे स्वाभाविक होते. संयंत्रावर १० हा आकडा लिहिलेला आहे तो त्याच्या कुवतीचा आहे, आपल्या गोठ्याचा नाही. बांधणाऱ्याने हे आपल्याला सांगायला हवे होते. अनुदान किंवा कर्जाच्या वेळी मोठा आकार सुचवण्याची सवय आमच्याकडेही आहे, आणि अर्धवट भुकेली संयंत्रे मी बरीच पाहिली आहेत.

आता घरची गरज पाहू. स्वयंपाकाला माणशी रोज पाव घनमीटर गॅस धरतात. आपण सहा माणसे लिहिली आहेत, म्हणजे दीड घनमीटर पुरेसा आहे. आंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण शिजवणे यासाठी आणखी दीड-दोन घनमीटर धरा. भर थंडीतही फक्त शेणावर हे सगळे भागते. म्हणून कोंबडखत आणि हॉटेलचे अन्न आणण्याची मुळात गरजच नव्हती, आणि हे मी दोष देण्यासाठी नाही, तर पुढचा निर्णय सोपा व्हावा म्हणून सांगतो आहे.

यानंतर पाण्याचा हिशोब, आणि माझ्या मते खरे दुखणे इथेच आहे. १० घनमीटरचे संयंत्र रोज २५० किलो शेण आणि तितकेच पाणी, म्हणजे ५०० लिटर राबडी घेईल आणि ती राबडी आत ४० दिवस राहील, अशा अंदाजाने बांधतात. त्यावरून पोटातली जागा २० हजार लिटरच्या आसपास येते. आज आपण शेण, कोंबडखत आणि अन्न मिळून २०० किलो माल घालता आणि गोठा धुण्याचे पाणी निदान हजार लिटर तरी असणार. ते एकदा प्रत्यक्ष मोजून पाहा. पाईप २० लिटरच्या बादलीत सोडायचा, बादली किती सेकंदांत भरते ते पाहायचे आणि धुण्याला लागणाऱ्या वेळाशी त्याचा हिशोब घालायचा. म्हणजे रोज १,२०० लिटर आत जाते आणि तितकेच बाहेर पडते. २० हजाराला १,२०० ने भागले की मुक्काम जेमतेम १६-१७ दिवसांचा उरतो.

हा मुक्काम इतका महत्त्वाचा का, ते समजून घ्या. संयंत्रात दोन टप्प्यांचे काम चालते. पहिल्या टप्प्यातले जिवाणू शेणातला व अन्नातला भाग फोडून त्याचे आम्ल करतात. ते चपळ असतात, भराभर वाढतात आणि वाईट परिस्थितीतही तग धरतात. दुसऱ्या टप्प्यातले सूक्ष्मजीव ते आम्ल खाऊन मिथेन तयार करतात. ते मंद असतात, त्यांची संख्या दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात, थंडीत तर आणखी वेळ लागतो, आणि आम्लता वाढली की ते काम थांबवतात. मुक्काम कमी झाला की हे मंद कामगार जितके जन्माला येतात त्याहून जास्त निर्गमातून वाहून जातात. मागे राहतात ते आम्ल करणारे. त्यातच आपण सहज आंबणारा भात, भाजी, गोड पदार्थ त्यांना दिलेत. एका बाजूला आम्ल वाढले आणि दुसऱ्या बाजूला ते खाणारे कमी झाले. आंबूस वास, फेस आणि न टिकणारी ज्योत ही तिन्ही लक्षणे या एकाच गोष्टीची आहेत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. २००६ मध्ये आमच्या पुतणीचे लग्न झाले आणि मांडवातला दोन हंडे भात व मसालेभात उरला. अन्न वाया जाऊ नये म्हणून मी एक हंडा संयंत्रात ओतला आणि दुसरा भावाने त्याच्या म्हशीपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी म्हैस रवंथ करेना, पोट जड झाले आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे लागले. त्यांनी तिला खायचा सोडा पाजला, तीन दिवस फक्त कोरडी वैरण द्यायला सांगितली आणि ती सावरली. माझे संयंत्र मात्र सहा आठवडे आंबलेले राहिले, कारण मी ते बंद ठेवण्याऐवजी गॅस वाढावा म्हणून आणखी शेण घालत राहिलो. पुढे डॉक्टरांशी बोलताना लक्षात आले की म्हशीच्या कोठीपोटात आणि माझ्या विटांच्या टाकीत जवळजवळ एकच बिघाड झाला होता. तेव्हापासून संयंत्राचा रातीब बदलायचा असेल तर मी म्हशीचा रातीब बदलतो तितक्याच सावकाशीने बदलतो.

तरीही केवळ वर्णनावरून औषध सांगणे बरोबर नाही. आधी दोन तपासण्या करा. पहिली, गॅस तयार होत नाही की तयार होऊन गळतो आहे, हे ठरवण्यासाठी. घुमटाच्या संयंत्रात गॅस साठू लागला की तो राबडीला खाली दाबतो आणि ती राबडी निर्गमाच्या टाकीत वर चढते. तेव्हा एका सरळ काठीवर बोटाबोटाच्या अंतरावर खुणा करा. रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर घुमटावरचा मुख्य कॉक बंद करा आणि निर्गमातली पातळी काठीने मोजा. मध्यरात्री एकदा जाग आली तर मोजा, पहाटे शेगडी पेटवण्यापूर्वी पुन्हा मोजा. पातळी सतत चढत असेल तर गॅस तयार होतो आहे आणि दोष पुढच्या नळीत, शेगडीत किंवा गॅसच्या प्रतीत आहे. आधी चढून मग गॅस न वापरताच उतरली, तर घुमटाला तडा आहे किंवा कॉक गळतो आहे. पातळी जवळजवळ हललीच नाही, तर आत गॅसच तयार होत नाही. सलग तीन रात्री हे करा आणि आकडे वहीत लिहा. गळती शोधण्यासाठी सांध्यांवर साबणाचा फेस लावा. काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार मी गावात पाहिला आहे, तो कृपया करू नका.

ज्योतीकडेही नीट पाहा, कारण प्रत्येक बिघाडाची ज्योत वेगळी दिसते. ज्योत फडफडत असेल, मध्येच उसळून मध्येच बसत असेल, तर नळीत पाणी साठले आहे. गॅस बाहेर येताना ओलावा घेऊन येतो आणि थंडीत तो नळीत निथळतो. नळीला पाणी काढण्याच्या कोंडीकडे उतार हवा आणि ती कोंडी थंडीत दोन-तीन दिवसांनी रिकामी करायला हवी. ज्योत पिवळी व काजळी धरणारी असेल, तर बर्नरची भोके बुजली आहेत किंवा हवेचे तोंड नीट उघडलेले नाही. आणि ज्योत फिकी असून बर्नरवरून उचलली जाऊन विझत असेल, तर गॅसमध्ये मिथेन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त झाला आहे. चांगल्या गोबरगॅसमध्ये ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. आपले वर्णन या शेवटच्या प्रकाराशी जुळते.

दुसरी तपासणी सामूची, म्हणजे राबडी आम्ल आहे की नाही हे दाखवणाऱ्या पीएचची (pH). शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात सामू पाहण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्तात मिळतात. निर्गमातली राबडी काठीने ढवळून खालची घ्या, वरच्या फेसाची नको, आणि पट्टी बुडवा. सामू ६.८ ते ७.५ च्या दरम्यान असेल तर आम्लतेचे दुखणे नाही, फक्त पाणी कमी करून भागेल. साडेसहाच्या खाली असेल तर पुढचा सगळा उपाय करावा लागेल. घरात पट्टी नसली तर वासावरूनही अंदाज येतो, कारण नीट पचलेल्या राबडीला शेणाचाही वास फारसा येत नाही आणि तिच्यावर माश्याही कमी बसतात. पण वासावर मी शेवटचा निर्णय घेत नाही.

समजा सामू साडेसहाच्या खाली निघाला. मग हॉटेलचे अन्न आणि कोंबडखत आजच थांबवा आणि शेणसुद्धा पाच-सहा दिवस घालू नका. हे ऐकायला विचित्र वाटते, कारण गॅस कमी असताना टाकी उपाशी ठेवायला कुणाचे मन होत नाही, पण आत साचलेले आम्ल खाऊन संपवायला त्या मंद कामगारांना वेळ द्यायलाच हवा. या दिवसांत स्वयंपाकाला सिलिंडर वापरा. शेगडी पेटत नसेल तर साठलेला गॅस घरात सोडून पाहत बसू नका. सामू फारच खाली, सहाच्या आसपास असेल, तर विरवलेला चुना अर्धा ते एक किलो बादलीभर पाण्यात कालवून, गाळून, दिवसाआड थोडा थोडा आत सोडा आणि प्रत्येक वेळी पुढचा हप्ता घालण्याआधी पट्टी पाहा. एकदम पाच-दहा किलो चुना ओतू नका. चुना आतला कार्बन डायऑक्साइड झपाट्याने शोषतो, त्यामुळे घुमटात उलटा ताण येऊ शकतो, शिवाय तळाशी दगडासारखा थर बसतो. खायचा सोडा अधिक सौम्य काम करतो, पण २० हजार लिटरला तो महाग पडतो.

सामू वर येऊ लागला की जवळच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्राच्या निर्गमातली ताजी राबडी दोन-तीनशे लिटर आणून आपल्या मिश्रण टाकीतून आत सोडा. दुधाला विरजण लावतो तसेच हे आहे, आणि आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. पाकिटातली जिवाणू पावडर विकत घेण्याची मला आजवर गरज वाटलेली नाही. जनावराच्या ताज्या शेणात हे सूक्ष्मजीव मुळातच असतात, आणि चालू संयंत्राच्या राबडीत तर ते तिथल्या परिस्थितीला सरावलेले असतात. मुक्काम १६ दिवसांचा असेल तर विकतची पावडरही तितक्याच वेगाने निर्गमातून बाहेर जाऊन पडेल.

त्यानंतर ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी एवढ्यावर सुरुवात करा. चार-पाच दिवसांनी पट्टी पाहून ७५, मग १००, अशा पायऱ्यांनी १५० किलोवर या. या सगळ्याला महिना ते दीड महिना लागेल आणि थंडीत थोडा जास्तही. घाई झाली की काय होते ते मी वर सांगितलेच आहे.

पाण्याची व्यवस्था मात्र कायमची बदलावी लागेल. शेण आधी फावड्याने व खराट्याने कोरडेच गोळा करा, घमेल्याने मिश्रण टाकीत टाका आणि त्यात मोजून तितकेच पाणी घाला. ताज्या शेणात घन भाग १८ ते २० टक्के असतो, तितकेच पाणी मिसळल्यावर तो ९ ते १० टक्क्यांवर येतो आणि संयंत्राला तोच मानवतो. आपले सध्याचे मिश्रण मी वरच्या आकड्यांवरून मोजले तर ४ टक्क्यांच्या आसपास येते. इतक्या पातळ राबडीत जड भाग तळाशी आणि हलका भाग वर साय धरून बसतो, मधल्या थरात नुसते पाणी वाहते. शेण उचलल्यानंतर गोठा जरूर धुवा, पण ते पाणी वेगळ्या नालीने हत्तीगवताला जाऊ द्या. मिश्रण करण्यासाठी त्यातले मूत्रमिश्रित पाणी थोडे घेतले तर चालते. फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि गाईंचे खूर धुण्यासाठी वापरतात तो मोरचूद यांचा थेंबही आत जाता कामा नये. कासदाहासाठी प्रतिजैविके चालू असलेल्या गाईचे शेणही उपचार संपेपर्यंत आणि नंतर काही दिवस उकिरड्यावर टाका. अकरा जनावरांत एका गाईच्या शेणाने टाकी लगेच मरत नाही, पण आधीच अशक्त झालेल्या टाकीची परीक्षा कशाला पाहायची?

आता दुसरा प्रश्न, शेताच्या इतर मालाचा. मिश्र शेतीत हाताशी इतके काही असते की सगळेच टाकीत घालावेसे वाटते. कोंबडखतात नत्र फार असते. शेणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ला १ असते, कोंबडखतात ते १० ला १ च्या आसपास येते. जास्त नत्राचा अमोनिया होतो आणि तोही त्याच मंद कामगारांना सोसत नाही. शेणाच्या एक दशांशापर्यंत, रात्रभर भिजवून, खडे आणि वाळू तळाशी बसू देऊन वरचे पातळ तेवढे घातले तर मला त्रास झालेला नाही, उलट गॅस थोडा वाढतो. मात्र ते पिंजऱ्याखालचे निव्वळ खत हवे. आपल्या कोंबड्या तुसाच्या गादीवर असतील तर ते खत टाकीत घालूच नका. भाताचे तूस टाकीत कुजत नाही, ते तरंगून वर जाड थर धरते. त्यापेक्षा ते थेट भाजीच्या वाफ्यासाठी कुजवलेले बरे. शेळीच्या लेंड्यांचेही तसेच, त्या न फोडता घातल्या तर तशाच तरंगत बाहेर येतात. भिजवून कुटायला माणूस असेल तरच त्या वाटेला जा.

उरलेले अन्न हा वाईट माल नाही. पुण्याच्या आरती या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या कल्पनेतून घरगुती ओल्या कचऱ्यावर चालणारी छोटी संयंत्रे तयार केली आणि त्यांना २००६ चा अ‍ॅशडेन हा शाश्वत ऊर्जेसाठीचा पुरस्कारही मिळाला. पण त्या टाक्या त्याच खाद्याला सरावलेल्या असतात आणि त्यांना रोज अगदी मोजून दिले जाते. शेणावर वाढलेल्या टाकीला एकाएकी रोज ३० किलो अन्न देणे निराळे. पुढे कधी घालायचेच झाले तर पहिल्या महिन्यात रोज दोन-तीन किलोंपासून सुरुवात करा, वाटून घाला, आणि लिंबाच्या साली, हाडे, अंड्याची टरफले व तेलाचा तवंग आधी काढा. खरे तर शेण पुरत असताना मी ते घालणार नाही.

उसाचे पाचट कोणत्याही रूपात टाकीत नको. वाढे जनावरांना जाते, तेच त्याचे योग्य ठिकाण. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, गॅस करणारे मोठे प्रकल्प उभे राहत आहेत, म्हणून आपल्याला प्रेसमड घालावेसेही वाटेल. त्या प्रकल्पांत यंत्राने ढवळणाऱ्या, तापमान राखणाऱ्या टाक्या असतात. आपल्या घुमटात ढवळणी नाही, तेव्हा ते उदाहरण आपल्याला लागू पडत नाही. पाचटाचा एक उपयोग मात्र मी दर हिवाळ्यात करतो. घुमटाभोवतीच्या मातीवर वीतभर पाचट पसरतो आणि बाजूच्या खड्ड्यात शेणखत कुजत घालतो. त्याच्या उबेने टाकीला फरक पडतो. मिश्रणासाठी लागणारे पाणी काळ्या पिंपात उन्हात ठेवून दुपारी बारानंतर शेण कालवतो. पहाटेचे थंड पाणी घालत नाही. हे सूक्ष्मजीव ३५ अंशांच्या आसपास सर्वात चांगले काम करतात आणि १५ अंशांखाली जवळजवळ झोपी जातात, त्यामुळे चार-दोन अंशांची ऊबही वाया जात नाही.

जनरेटरबद्दल माझे मत स्पष्ट आहे, आत्ता घेऊ नका. १ घनमीटर गॅसपासून छोट्या जनरेटरवर दीड युनिट वीज मिळते असे धरा. सगळे सुधारल्यावर उन्हाळ्यात आपल्याकडे अडीच-तीन घनमीटर गॅस शिल्लक राहील, म्हणजे चार-साडेचार युनिट, आणि हिवाळ्यात ते जवळपास शून्य होईल. ५ किलोवॅटचा जनरेटर तेवढ्यावर दिवसाला एक तासही धड चालणार नाही. शिवाय गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड इंजिनातले तांब्या-पितळेचे भाग आणि तेल खराब करतो. तो काढायला लोखंडाच्या किसाची गाळणी लावावी लागते, ती वेळोवेळी उघडून हवेवर टाकावी लागते, आणि हे काम सुरुवातीच्या उत्साहानंतर कुणी करत नाही. कडबाकुट्टीपुरती वीज हवी असेल तर तो पैसा सौर पॅनेलला घाला. वीस-पंचवीस मोठी जनावरे झाली तर हा प्रश्न पुन्हा विचारा, तेव्हा माझे उत्तर कदाचित वेगळे असेल.

आपण एका ओळीत लिहिले आहे की स्लरी, म्हणजे निर्गमातून बाहेर पडणारी राबडी, सध्या ओढ्याकडे सोडून दिली आहे. मला ती ओळ सर्वात जास्त खटकली. ताज्या शेणात ०.३ टक्का नत्र धरले तरी १५० किलो शेणातून रोज ४५० ग्रॅम, वर्षाला १६० किलोंहून जास्त नत्र टाकीतून जाते, आणि गॅस काढल्याने ते कमी होत नाही, कारण गॅसमध्ये जातो तो मुख्यतः कर्ब. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात २० किलोंच्या आसपास नत्र असते, म्हणजे कागदावर आठ पोती झाली. सुरू हंगामाच्या उसाला एकरी १०० किलो नत्राची शिफारस आहे. प्रत्यक्षात सगळे पिकाला लगेच लागू होत नाही आणि स्लरी उन्हात वाळवली तर अमोनियाच्या रूपाने बरेच उडून जाते, म्हणून मी युरिया पूर्ण बंद केलेला नाही, पण निम्म्यावर आणला आहे. पातळ स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर सरीत सोडणे सर्वात चांगले. ठिबक असेल तर तीन टप्प्यांत गाळल्याशिवाय सोडू नका, तोट्या बुजतात. पावसाळ्यात शेतात जाता येत नाही, तेव्हा निर्गमाशेजारी दोन खड्डे करा, त्यांत पाचटाचे थर घाला आणि वरून स्लरी सोडत राहा. एक भरला की दुसरा. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, ते खत लागते आणि ओढ्यालगतच्या विहिरीही वाचतात.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. वाळू आणि तूस साचल्याने कधीतरी टाकी उपसावी लागेल, कदाचित याच वर्षी. त्या वेळी घरचा किंवा कामावरचा कोणीही माणूस आत उतरू देऊ नका, टाकी रिकामी दिसली तरीही. तळचा गाळ हलला की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. थोडा असेल तर त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त असेल तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला काही कळण्याआधी तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही राहतो. पंपाने आणि लांब दांड्याच्या अवजाराने वरूनच उपसा, आणि आत उतरण्याशिवाय इलाज नसेल तर हवा खेळवण्याची व श्वासाची साधने असलेल्या प्रशिक्षित माणसांनाच बोलवा.

सध्या एवढेच करा: आज रात्रीपासून काठीची मापे, उद्या सामूची पट्टी आणि गोठ्याच्या पाण्याची नाली वेगळी. तीन रात्रींचे आकडे, सामू आणि बादली भरायला लागलेले सेकंद मला कळवा. मापांत गळती निघाली तर वरचा आम्लतेचा उपाय पुढे ढकलून आधी घुमट तपासावा लागेल, आणि त्याची रीत मी तेव्हा स्वतंत्रपणे लिहीन.